मार्च मॅडनेसच्या स्टँडमध्ये बीअर आली, पण गर्दी वाढली का?

झोनडिफेन्स (इंडियानापोलिस)

मंडळी, दरवर्षी मार्च आला की आमच्या ऑफिसात मार्च मॅडनेसचे ब्रॅकेट, म्हणजे कोण जिंकेल याच्या अंदाजाचे तक्ते, भरायला सुरुवात होते आणि त्याच्यासोबत एक वाद हमखास निघतो, कॉलेज बास्केटबॉलच्या टूर्नामेंटला स्टँडमध्ये बीअर विकायला लागले ते चांगलं केलं की वाईट. यावर्षी म्हटलं इथेच विचारावं, कारण आपल्यातले बरेच जण वेगवेगळ्या युनिव्हर्सिटीत शिकलेत, काहींची मुलं आता शिकतायत, आणि मॅचला जाणारेही कमी नाहीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एनसीएए ही अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची मुख्य संस्था, तिचं ऑफिस इथे आमच्या गावातच आहे. तिच्या चॅम्पियनशिपना सामान्य प्रेक्षकाला दारू विकायला वर्षानुवर्षं बंदी होती. २०१६ ला कॉलेज बेसबॉल आणि सॉफ्टबॉलच्या वर्ल्ड सिरीजला बीअर आणि वाईन प्रयोग म्हणून सुरू केली, मग आणखी काही खेळांना, आणि २०१८ ला बोर्डाने सगळ्याच चॅम्पियनशिपसाठी दार उघडलं. त्यामुळे २०१९ ची मिनियापोलिसची फायनल फोर (शेवटच्या चार टीमच्या मॅच, सेमीफायनल आणि फायनल) ही पहिली, जिथे साध्या तिकिटावर आलेला माणूस बाहेर कॉनकोर्सवर, म्हणजे स्टँडमागच्या काउंटरांच्या मार्गिकेत, जाऊन बीअर घेऊ शकला. टीव्हीवर मात्र बीअरच्या जाहिराती त्याच्या कितीतरी आधीपासून चालायच्या. म्हणजे घरी बसलेल्या पोराला जाहिरात दिसत होती आणि स्टँडमधल्या पन्नाशीच्या माणसाला ग्लास मिळत नव्हता, हे मला कधीच पटलं नाही.

आता माझं म्हणणं असं की बीअरमुळे गर्दी वाढते हे जे सांगितलं जातं ते टूर्नामेंटला तरी लागू नाही. आकडे बघा. फायनलच्या गर्दीचा रेकॉर्ड २०१४ चा, टेक्सासमधलं आर्लिंग्टन, कनेटिकट विरुद्ध केंटकी फायनलला ७९,२३८ लोक होते, आणि तेव्हा स्टँडमध्ये विक्री नव्हती. २०१९ ला विक्री होती तर फायनलला ७२,०६२. २०२४ ला ग्लेंडेलला ७४,४२३. हे आकडे बीअरने ठरत नाहीत, इमारत केवढी आहे त्याने ठरतात. १९९६ ची फायनल न्यू जर्सीच्या साध्या अरीनात झाली तेव्हा एकोणीस हजारांच्या आसपास लोक होते, पुढच्या वर्षीपासून सगळं डोममध्ये, म्हणजे छप्पर असलेल्या मोठ्या स्टेडियममध्ये, गेलं आणि आकडा कुठच्या कुठे पोचला.

रिकाम्या खुर्च्या दिसतात त्या पहिल्या दोन फेऱ्यांत, आणि त्याचं कारण वेगळं आहे. पहिल्या फेरीला एका ठिकाणी एका दिवसात चार मॅच असतात, दोन दुपारी आणि दोन रात्री, दुपारचं सेशन संपलं की अख्खा अरीना रिकामा करतात आणि रात्रीचं तिकीट वेगळं. त्यात कोणती टीम कुठे खेळणार हे रविवारी संध्याकाळी कळतं आणि गुरुवारी दुपारी मॅच! लेकरांच्या शाळा, आपली नोकरी, विमानाचं तिकीट, हॉटेल, हे सगळं तीन दिवसांत जमवणार कोण? ज्याची टीम दोन तासांच्या ड्राइव्हवर खेळतेय तो येतो, बाकीचे टीव्हीवर बघतात. बारा डॉलरची बीअर मिळते म्हणून कोणी कॅन्ससहून स्पोकेनला जात नाही.

तुमचा अनुभव काय? विक्री सुरू झाल्यावर स्टँडमधलं वातावरण बदललं का?

पुणेरी टेक्सन

धागा चांगला काढलात. पण गर्दी वाढवायला बीअर आणली हे गृहीतच मला मान्य नाही. टूर्नामेंटची कमाई टीव्हीवर चालते. सीबीएस आणि टर्नर या टीव्ही कंपन्यांनी २०१६ ला करार वाढवला तो ८.८ अब्ज डॉलरचा, २०३२ पर्यंत. त्यासमोर बीअरचे पैसे म्हणजे चिल्लर.

बीअर आली ती दोन कारणांनी असं मला वाटतं. एक म्हणजे ज्या अरीनात मॅच होते तिथे बाकी वर्षभर एनबीए (व्यावसायिक बास्केटबॉल), हॉकी, कॉन्सर्ट सगळ्याला बीअर मिळते, फक्त हे तीन दिवस नळांवर कापड टाकायचं हे अरीनावाल्यांनाही नको होतं. दुसरं, खरी स्पर्धा घरच्या सोफ्याशी आहे. घरी पंचावन्न इंची टीव्ही, फ्रिजमध्ये हवं ते, चार मॅच एकदम बघता येतात, बाथरूमला रांग नाही. माणसाला घरातून बाहेर काढायचं तर तिथे निदान घरी मिळतं तेवढं तरी मिळायला हवं. त्यामुळे बीअर गर्दी आणते असं नाही, पण ती नसली तर न येण्याच्या कारणांत एक भर पडते.

आणि किमतीचं म्हणाल तर अटलांटाचं मर्सिडीज-बेन्झ स्टेडियम बघा. २०१७ ला उघडलं तेव्हाच त्यांनी खाण्यापिण्याचे भाव जुन्या डोमच्या जवळजवळ निम्मे केले, दोन डॉलरला हॉटडॉग, दोन डॉलरला सोडा आणि तो पुन्हापुन्हा भरून घ्या, बीअर पाच डॉलरपासून. आणि माणशी खर्च उलट वाढला! लोक लवकर यायला लागले, आत येऊन जेवायला लागले. चार जणांच्या कुटुंबाला मॅचला आणायचं असेल तर माझ्या मते रस्ता हा आहे, बीअर असो नसो.

ओहायोची मावशी

मी गर्दीच्या आकड्यांत शिरत नाही, मला आई म्हणून बोलायचंय. लेक अकरा वर्षांची आहे, स्वतः शाळेच्या टीममध्ये पॉइंट गार्ड खेळते, आयोवाकडून खेळलेल्या केटलिन क्लार्कमुळे वेडी झालेल्या पिढीतली. तिला घेऊन आम्ही बायकांच्या मॅचना जातो. तिथलं वातावरण मला फार आवडतं, स्टँडमध्ये अर्ध्या छोट्या मुली असतात, हातात स्वतः रंगवलेल्या पाट्या, आणि बाबा लोक केसांना रिबिनी बांधून देतायत.

यंदा एका मॅचला आमच्या मागच्या रांगेत चार मुलं बसली होती, पंचविशीतली असतील. एकाने दुसऱ्या हाफमध्ये उठताना अर्धा ग्लास माझ्या लेकीच्या जॅकेटवर सांडला. सॉरी म्हणाला, वाईट मुलगा नव्हता, पण त्याच्यानंतर रेफ्रीला जे काही ओरडायला लागले ते मी इथे लिहू शकत नाही. लेकीने मला विचारलं की आपण दुसरीकडे बसूया का. अशर (जागा दाखवणारा) बिचारा आला, त्याने आम्हाला वरच्या रिकाम्या सीट्स दिल्या. म्हणजे जागा आम्ही सोडली, त्यांनी नाही. हे मला लागलं.

बंदी घाला असं मी म्हणत नाहीये. पण ज्या खेळाला आत्ता कुठे घरचे सगळे मिळून जायला लागलेत तिथे अरीनाने आधी विचार कोणाचा करायचा?

झोनडिफेन्स (इंडियानापोलिस)

मावशी, तुमचं अगदी रास्त आहे. आणि बायकांच्या टूर्नामेंटची गोष्ट पुरुषांपेक्षा वेगळी आहे हे लक्षात घ्यायला हवं. पहिल्या दोन फेऱ्या तिथे मानांकनात (सीड) वरच्या सोळा टीम स्वतःच्या कॅम्पसवर खेळवतात, त्यामुळे गर्दी गावातली, ओळखीची, आजीपासून नातवापर्यंत. २०२४ ची फायनल, साउथ कॅरोलिना आणि आयोवा, टीव्हीवर सरासरी १ कोटी ८९ लाख लोकांनी बघितली आणि पुरुषांची फायनल १ कोटी ४८ लाख. पहिल्यांदाच बायकांचा आकडा वर गेला. आणि त्याच्या आदल्या ऑक्टोबरमध्ये आयोवाने फुटबॉलच्या मैदानात उघड्यावर कोर्ट टाकून मॅच खेळवली तेव्हा ५५,६४६ लोक आले होते. हे प्रेक्षक क्लार्कचा लांबून मारलेला थ्री बघायला आले होते हो, प्यायला नाही. त्यांना सांभाळणं हेच पहिलं काम.

मिनेसोटाकर

२०१९ च्या फायनल फोरला मी होतो, यूएस बँक स्टेडियमला, म्हणून लिहितो. त्या स्टेडियमचं छप्पर आणि भिंत पारदर्शक आहे, बास्केटबॉलसाठी सगळीकडे काळे पडदे लावले होते, आत शिरलं की दिवस आहे की रात्र कळत नव्हतं. सासरे भारतातून आले होते, त्यांना हट्टाने घेऊन गेलो. वय सत्तरच्या पुढे, केस पांढरेशुभ्र. काउंटरवर पोरीने आयडी मागितलं. सासऱ्यांना वाटलं ती थट्टा करतेय. मी म्हटलं बाबा खरंच मागतेय. पासपोर्ट हॉटेलवर आणि भारतातलं लायसन्स ती घेईना. मागे रांग वाढत होती, तिने शांतपणे सांगितलं की सर, आज मी माझ्या आजोबांनाही आयडीशिवाय देणार नाही. शेवटी सासऱ्यांनी लिंबूपाणी घेतलं आणि त्या पोरीचं कौतुक करतच सीटवर आले, म्हणाले नियम म्हणजे नियम, आपल्याकडे ओळख काढली असती.

दोनच ग्लास एका वेळेला, कॅन तुमच्या हातात देत नाहीत, फोडून प्लॅस्टिकच्या कपात ओतून देतात. मला तर वातावरणात काही फरक जाणवला नाही. व्हर्जिनिया-ऑबर्न सेमीफायनलला ०.६ सेकंद उरलेले असताना व्हर्जिनियाला तीन फ्री थ्रो, तिन्ही पडले आणि ६३-६२! त्या वेळी लोक जे ओरडत होते ते बीअरने नव्हतं. आदल्याच वर्षी हीच व्हर्जिनिया अव्वल मानांकन असूनही पहिल्या फेरीत सगळ्यात खालच्या, सोळाव्या सीडकडून हरलेली, पुरुषांच्या टूर्नामेंटच्या इतिहासात पहिल्यांदा, त्यांच्या फॅन्सनी वर्षभर काय काय ऐकून घेतलं असेल.

इकडे पालकांना घेऊन मॅचला जाणार असाल तर पासपोर्ट खिशात ठेवा एवढंच सांगतो.

गोंयकार

मला एक कळत नाही, एवढा बाऊ कशाला? आमच्या गोव्यात अठराव्या वर्षी माणूस कायद्याने बीअर पिऊ शकतो, फुटबॉलच्या मॅचनंतर मैदानाबाहेर तावेर्नात सगळे बसतात, कोणाचं काही बिघडत नाही. इथे जिकडेतिकडे विकतात आणि कॉलेज म्हटलं की एकदम सोवळं.

झोनडिफेन्स (इंडियानापोलिस)

गोंयकार, बाऊ होतो तो वयामुळे. इथे १९८४ च्या केंद्राच्या कायद्याने वय २१ झालं, म्हणजे केंद्राने राज्यांना सांगितलं की २१ करा नाहीतर हायवेच्या निधीतला हिस्सा कापू, आणि सगळ्या राज्यांनी केलं. कॉलेजला पोरं अठराव्या वर्षी येतात. म्हणजे स्टुडंट सेक्शनमध्ये बसलेल्या बहुतेकांना कायद्याने प्यायला बंदी, कोर्टवर खेळणाऱ्यातल्या बऱ्याच जणांना बंदी, आणि विकणारी युनिव्हर्सिटी स्वतः, जी त्याच पोरांना ओरिएंटेशनला दारूचे धोके शिकवते. हा पेच एनबीएला नाही. महाराष्ट्रात बीअरला २१ आणि हार्ड ड्रिंकला २५ आहे, तिथल्या एखाद्या विद्यापीठाने स्वतःच्या स्पर्धेत काउंटर टाकला तर पालक काय म्हणतील याचा विचार करून बघा.

रात्रपाळी

मी नर्स आहे, कॉलेज टाऊनमधल्या इमर्जन्सीत बरीच वर्षं काम केलंय, गाव सांगत नाही. या विषयावर मला खूप बोलायचं असतं आणि मॅचवाले लोक ऐकून घेत नाहीत म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्याकडे मॅचच्या दिवशी जी पोरं यायची ती अरीनात प्यायलेली नसायची. ती येताना प्यायलेली असायची. आत मिळणार नाही हे माहीत असतं, मॅच साडेसातला, म्हणून चारपासून कोणाच्या तरी घरी किंवा पार्किंगमध्ये सुरू व्हायचं आणि गेटवर पोचायच्या आधी जेवढं ढकलता येईल तेवढं ढकलायचे. शॉट्स, एकामागून एक, रिकाम्या पोटी. व्होडका पोटात गेल्यावर चढायला वेळ लागतो, त्यामुळे पोरगं गेटवर उभं असतं तेव्हा ठीक दिसतं, स्कॅनरवाला आत सोडतो, आणि पहिल्या हाफच्या मध्यावर ते पायऱ्यांवर कोसळतं. मग स्ट्रेचर, मग आम्ही. एकोणीस वर्षांची मुलगी, मैत्रिणी रडतायत, तिच्या आईला फोन कोणी करायचा यावर त्यांचं भांडण, आणि मी तिला कुशीवर वळवून धरलेली, उलटी श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून. हे दृश्य मी विसरू शकत नाही.

आता त्या मुलीला आत बारा डॉलरची बीअर मिळाली असती का? नसती, ती १९ ची. त्यामुळे स्टँडमध्ये विकल्याने लहान पोरांचं पिणं कमी होतं असं जे सांगतात ते मला सरसकट पटत नाही. मोठ्यांचं होत असेल. तिशी-चाळिशीतला माणूस, त्याला माहीत आहे की आत एखादी घेता येईल, तो बाहेर घाईने चार रिचवत नाही. पण पोरांसाठी वेगळं काहीतरी करायला हवं आणि ते बीअरच्या काउंटरने होणार नाही. गेटवर डोळे उघडे ठेवणारी माणसं, स्टुडंट सेक्शनच्या जवळ पाणी फुकट, आणि मित्राला मदत मागितली म्हणून कोणावर कारवाई होणार नाही हे पोरांना परत परत सांगणं. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पोरं घाबरून उशिरा फोन करतात, त्या अर्ध्या-पाऊण तासात खूप काही होऊन जातं.

झोनडिफेन्स (इंडियानापोलिस)

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. इतकं नेमकं कोणी लिहीत नाही.

मोठ्यांबद्दल तुम्ही म्हणता त्याला वेस्ट व्हर्जिनियाचं उदाहरण आहे, फुटबॉलचं आहे पण लागू पडतं. तिथे २०११ ला स्टेडियममध्ये बीअर सुरू केली. आधी काय व्हायचं, हाफटाइमला लोकांना बाहेर जाऊन परत यायची मुभा होती, लोक गाड्यांकडे पळायचे, पंधरा-वीस मिनिटांत जमेल तेवढी व्हिस्की पोटात घालून परत यायचे आणि तिसऱ्या क्वार्टरला मारामाऱ्या. ऑलिव्हर लक तेव्हा तिथले अ‍ॅथलेटिक डायरेक्टर. त्यांनी बीअर आत आणली आणि त्याचबरोबर परत आत यायची मुभा बंद केली. त्या सीझनला पोलिसांकडे जाणारी प्रकरणं ठळकपणे कमी झाली. लोक फक्त पहिला अर्धा भाग सांगतात, की बघा बीअर विकली आणि दंगा कमी झाला. माझ्या मते खरं काम दुसऱ्या अर्ध्याने केलं.

आणि बंदीने शहर शांत राहतं असंही नाही. २०१२ ला केंटकी जिंकली तेव्हा फायनल फोर न्यू ऑर्लिन्सला होती, स्टँडमध्ये विक्री नव्हती, आणि इकडे लेक्सिंग्टनमध्ये कॅम्पसशेजारच्या रस्त्यावर पोरांनी सोफे बाहेर काढून पेटवले. पिणारा माणूस अरीनाच्या भिंती बघून पीत नाही.

लेक एरीकाठी

झोनडिफेन्स, तुमच्या मूळ मुद्द्याला एक विरोधी उदाहरण देतो. बीअरने गर्दी येत नाही म्हणता ना? आमच्या क्लीव्हलँडला ४ जून १९७४ ला बेसबॉलच्या मॅचला दहा सेंटला बीअर ठेवली होती. एरवी त्या टीमला कुत्रं विचारत नव्हतं, त्या रात्री २५,१३४ लोक आले. आले ते आले, नवव्या इनिंगला मैदानात उतरले, टेक्सासच्या खेळाडूंना घेरलं, आपलेच खेळाडू बॅटी घेऊन त्यांना वाचवायला धावले आणि ५-५ असलेली मॅच अंपायरने टेक्सासला देऊन टाकली. तेव्हा बीअर गर्दी आणू शकते, पण ती फुकटच्या भावात असेल तर, आणि जी येते ती मॅच बघायला आलेली नसते.

आणि इंडियानात राहून तुम्ही २००४ विसरलात का? १९ नोव्हेंबर, ऑबर्न हिल्स, एनबीएची मॅच, इंडियानाची पेसर्स आणि डेट्रॉइटची पिस्टन्स. वरून कोणीतरी कप फेकला, तो पेसर्सच्या रॉन आर्टेस्टला लागला आणि आर्टेस्ट सरळ स्टँडमध्ये. पुढची खेळाडू आणि प्रेक्षकांची मारामारी सगळ्यांनी बघितलीय. त्यानंतर २००५ ला एनबीएने नियम केले, चौथ्या क्वार्टरमध्ये विक्री बंद, एका वेळी दोनच, कपाचा आकार २४ औंसाच्या आत. आज कॉलेजवाले जे नियम सांगतात त्याचा पाया तो आहे. हे नियम कोणी कॉन्फरन्स रूममध्ये बसून सुचवलेले नाहीत, मार खाऊन शिकलेले आहेत. म्हणून ते ढिले करायला माझा विरोध आहे.

पुणेरी टेक्सन

लेक एरीकाठी, सहमत. एसईसी कॉन्फरन्सने (मुख्यतः दक्षिणेतल्या युनिव्हर्सिटींच्या खेळांचा गट) २०१९ ला बंदी उठवली तेव्हा तेच केलं. त्याआधी तिथे बॉक्समध्ये आणि क्लबमध्ये बसणाऱ्या पैसेवाल्यांना मिळायची, साध्या स्टँडला नाही, हा भेदभाव मला जास्त खटकायचा. बंदी उठवताना अटी घातल्या, फक्त ठरलेल्या काउंटरवर, स्टँडमध्ये फिरून विकायची नाही, प्रत्येक वेळी आयडी, कपात ओतूनच द्यायची, हार्ड लिकर नाही, आणि थांबवायची वेळ पक्की. पुरुषांच्या बास्केटबॉलला दुसऱ्या हाफमध्ये बारा मिनिटं उरली की जो टीव्ही टाइमआउट होतो तेव्हा काउंटर बंद, बायकांच्या मॅचला तिसरा क्वार्टर संपला की बंद. आणि निर्णय प्रत्येक युनिव्हर्सिटीवर सोडला, कोणावर सक्ती नाही.

बास्केटबॉलला हे बरं बसतं. मॅच सगळी मिळून दोन तासांची, दुसऱ्या हाफची आठ मिनिटं झाली की काउंटर बंद, मधे हाफटाइमची रांग. फुटबॉलसारखं सकाळी आठपासून टेलगेट (पार्किंगमधली पार्टी) आणि साडेतीन तासांची मॅच असा प्रकार नाही.

पैसे कुठे जातात हेही विचारायला हवं. ओहायो स्टेटने २०१६ ला अख्ख्या स्टेडियमला विक्री सुरू केली, पहिल्याच सीझनला दहा लाख डॉलरच्या वर गेली, त्यातून कॅम्पसवर जादा पोलीस नेमले. हे मला योग्य वाटतं. ज्यातून प्रश्न निर्माण होतो त्यातूनच बंदोबस्ताचे पैसे यावेत, कोचच्या बोनसला जाऊ नयेत.

सॉल्टलेकवाला

आमच्या यूटाहबद्दल कोणीच लिहिलं नाही. इथे टूर्नामेंटची पहिली फेरी अधूनमधून येते, डाउनटाऊनच्या एनबीएच्या अरीनात. इथून पाऊण तासावर ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटी, मॉर्मन चर्चची. तिथे दारूचं नावच नको, कॅम्पसवर २०१७ पर्यंत कॅफिन असलेला कोलासुद्धा विकत नव्हते. आणि त्यांच्या घरच्या मॅचची गर्दी बघा! अठरा हजारांच्या आसपासचं मॅरियट सेंटर, आवाजाने कानठळ्या बसतात. पोरं मॅचच्या कितीतरी आधी येऊन रांगेत बसतात, पोटात चॉकलेट मिल्क. मी मुंबईचा, वानखेडेच्या नॉर्थ स्टँडमध्ये वाढलेला, तिथेही दारूचा थेंब मिळत नव्हता आणि गर्दी आणि आवाज कमी पडला असं कधी झालं नाही.

दुसरं, इथे गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०५ आहे, बाकी देशात ०.०८. दोन बीअर आणि घरी गाडी, हा हिशोब इथे धरू नका. रात्रीच्या सेशनची दुसरी मॅच संपायला बराच उशीर होतो आणि बर्फही असू शकतो. बाहेरगावहून येणाऱ्यांनी ट्रेनने जावं, अरीनाच्या दारातच थांबते.

ओहायोची मावशी

सगळं वाचलं, रात्रपाळीताईंचं वाचून पोटात कालवलं, माझी पुतणी यावर्षी कॉलेजला जातेय, तिला आजच फोन करते.

एक विचारायचं राहिलं. जानेवारी २०२४ ला कोलंबसला क्लार्क मॅच हरून आत जात असताना कोर्टवर धावत आलेल्या मुलीला धडकून पडली होती, माझी लेक तेव्हा रडलीच. आणि महिन्याभराने वेक फॉरेस्ट युनिव्हर्सिटीत ड्यूकचा खेळाडू फिलिपाऊस्की तसाच गर्दीत सापडला आणि त्याच्या गुडघ्याला लागलं. हे कोर्टवर धावून येणं बीअरने वाढलं असं काही जण म्हणतात, ते खरं आहे का?

झोनडिफेन्स (इंडियानापोलिस)

मला नाही वाटत. कोर्टवर उतरतात ते स्टुडंट सेक्शनमधले, आणि ते बहुतेक २१ च्या आतले, त्यांना काउंटरवर मिळतच नाही. ही प्रथा बंदीच्या काळातही जोरात होती. आणि टूर्नामेंटला न्यूट्रल अरीनात तसं फारसं होत नाही, कारण विद्यार्थी थोडे आणि बंदोबस्त जास्त. कोर्टवर उतरू द्यायचं की नाही हा प्रश्न वेगळा, माझ्या मते खेळाडू आत जाईपर्यंत दोरखंड धरून उभं राहायला माणसं हवीत, आणि ती नसतील तर यजमान युनिव्हर्सिटीला जबर दंड.

तुमच्या लेकीसाठी मात्र सांगतो. दुपारचं सेशन घ्या, रात्रीचं नको. दुपारी बाराच्या मॅचला प्यायलेले लोक फारच कमी असतात आणि तिकीटही बहुतेक वेळा स्वस्त पडतं. सीट घेताना कॉनकोर्सच्या दारापासून लांब, रांगेच्या मधोमध घ्या, ये-जा करणाऱ्यांचे ग्लास डोक्यावरून जात नाहीत. आणि तिकीट काढायच्या आधी अरीनाला फोन करून विचारा की दारूविरहित फॅमिली सेक्शन आहे का, बऱ्याच ठिकाणी असतो पण वेबसाइटवर कोपऱ्यात लिहिलेला असतो.

मिनेसोटाकर

आणि मावशी, तुमचे मिस्टर गाडी चालवणार असतील तर आत गेल्या गेल्या डेझिग्नेटेड ड्रायव्हरचं टेबल शोधा. नाव लिहून सही केली की मनगटावर पट्टा बांधतात आणि सोडा फुकट देतात. सगळीकडे नसतं पण असतं तिथे कोणी विचारतच नाही.

रात्रपाळी

मावशी, पुतणीला फोन करताना एवढंच सांगा की कोणाला उठवता येत नसेल, अंग गार पडलं असेल किंवा श्वास फार हळू चालला असेल तर झोपू दे सकाळी उतरेल म्हणायचं नाही, ९११ लावायचा. बरीच राज्यं आणि कॉलेजं अशा वेळी फोन करणाऱ्याला माफी देतात, तिच्या कॉलेजचा नियम आधीच वाचून ठेवायला सांगा. आणि कुशीवर वळवून ठेवायचं, एकटं सोडायचं नाही.

ओहायोची मावशी

लिहून घेतलं ताई. दुपारच्या सेशनची तीन तिकिटं बघतेय, सेक्शन कोणता घ्यायचा ते उद्या फोन करून विचारते आणि इथे टाकते, बाकी कोणाला लेकरांना घेऊन जायचं असेल तर उपयोगी पडेल.